स्वयंपाकघरातली वेधशाळा

मंगळवारी सकाळी काकडी वाजली.

झालं असं, की निरीक्षकांच्या बायकोनं फ्रीजमधून काकडी काढली, तिला सुरी लावली आणि सुरी काकडीवरून घसरून थेट ओट्यावर गेली. तिनं काकडी ओट्याच्या कडेवर आपटून पाहिली. खण्ण! दुसरी आपटली. तीही खण्ण! मग दुधाची पिशवी काढली, तर ती वीट होऊन बाहेर आली. अंड्यांना उभ्या भेगा गेल्या होत्या. एक टोमॅटो हातातून निसटला, तो फुटायचं सोडून घरंगळत कपाटाखाली गेला. आणि हे सगळं बर्फाच्या कप्प्यात नव्हे, बरं का! उजव्या दारामागे, जिथं भाजीनं नुसतं गार राहावं एवढीच माफक अपेक्षा असते, तिथं.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "तुमच्या फ्रीजला काहीतरी झालंय."

घरातली कुठलीही वस्तू धड चालत असली की 'आपली' असते आणि बिघडली की 'तुमची' होते, हे निरीक्षकांना लग्नाच्या अठरा वर्षांत पाठ झालं होतं. ते दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून आले.

निरीक्षक हा त्यांचा हुद्दा. हवामान कार्यालयाच्या मैदानात एक पांढरी जाळीदार पेटी असते, तिच्यातला तापमापक वाचायचा, आकडा वहीत लिहायचा आणि परत यायचं, हे काम ते बावीस वर्षं करत होते. वादळ असो, ऊन असो, अंगात ताप असो, नोंद चुकली नाही आणि लिहिलेला आकडा कधी खोडला नाही. पण या तपश्चर्येची बिल्डिंगमध्ये कुणाला कदर नव्हती. लोक जिन्यात विचारायचे, "काय हवामानवाले, आज छत्री न्यायची का?" आणि ते सांगतील त्याच्या बरोब्बर उलट करायचे. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, तापमानानं बंड केलं होतं! निरीक्षकांना काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अखेर घरात त्यांच्या लायकीचं काम निघालं होतं.

हा आनंद पाचेक मिनिटं टिकला, कारण तेवढ्यात त्यांची आई हातात रिकामं भांडं घेऊन आली आणि डाव्या दारासमोर उभी राहिली.

हा फ्रीज दोन दारांचा. डाव्या दाराला बाहेरून एक छोटा नळ होता. भांड्यानं त्याची पट्टी दाबली की गार पाणी आपोआप पडायचं. तीन महिन्यांपूर्वी एवढा मोठा फ्रीज घेतला तो त्या नळापायी आणि नळ घेतला तो आईपायी. आईचे हात वर्षभरापासून थरथरायचे. जग उचलला की निम्मं पाणी टेबलावर आणि निम्मं साडीवर. आणि मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. सगळी नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, दिवसभर दुसऱ्यांना हवे ते नंबर जोडून द्यायचे. स्वतःसाठी काही मागायचं वळणच जिभेला पडलं नव्हतं. नळ आल्यापासून ती दिवसातून आठ वेळा टेचात चालत यायची, भांडं लावायची, प्यायची आणि जायची. कुणाला हाक नाही, कुणाचे उपकार नाहीत.

तिनं भांडं लावलं. नळ गुरगुरला, खोकला आणि गप्प बसला. तिनं पुन्हा दाबलं. एक थेंब आला आणि तोही आल्यासारखा वाटला इतकंच.

"आई, मी देते ओतून," निरीक्षकांची बायको म्हणाली.

"नको. तहान नव्हतीच तशी," आई म्हणाली आणि भांडं जागेवर ठेवून गेली.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. तहान नसलेला माणूस भांडं घेऊन नळाशी येत नाही, एवढं दोघांनाही कळत होतं.

"रविवारपर्यंत नळ सुरू करतो," निरीक्षक म्हणाले. दाढीचा फेस वाळून गालाला ओढ बसली होती, त्यामुळे ही प्रतिज्ञा थोडी तिरकी ऐकू आली, पण मनापासून होती.

त्यांनी लगेच पाहणी केली. वरच्या फळीवर, अगदी मागे, गार हवा जिथून येते त्या फटीला टेकून एक मोठा टोप कोंबलेला होता. तो त्यांनी पुढे ओढला. पण टोप हलवणं हे काही शास्त्र नव्हे. निरीक्षकांनी ठरवलं की आधी मोजायचं, मग बोलायचं.

मोजायला तापमापक हवेत आणि तापमापक कार्यालयात. आता कार्यालयातून टाचणी जरी बाहेर न्यायची तरी अर्ज लागतो. निरीक्षकांनी अर्ज केला : 'शीत परिसरातील निरीक्षणासाठी चार तापमापक पाच दिवसांकरिता मिळावेत, सोबत पाच दिवसांची रजा मंजूर व्हावी.' मोठे साहेब शीत परिसर वाचून एकदम खूश झाले. आपल्या कार्यालयाचं कुणीतरी डोंगरबिंगर चढतंय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सही केली, फक्त खाली शेरा मारला की निरीक्षण स्थळाची समुद्रसपाटीपासूनची उंची नमूद करावी. निरीक्षकांनी बिल्डिंगचा तिसरा मजला, त्यात फ्रीजची वरची फळी, असा हिशोब करून ती अर्ध्या मीटरपर्यंत अचूक लिहिली. खोटं काहीच लिहिलं नाही.

संध्याकाळी फ्रीजमध्ये वेधशाळा उभी राहिली. एक तापमापक वरच्या फळीवर मागच्या भिंतीशी, एक मधल्या फळीवर पुढे, एक भाजीच्या कप्प्यात, एक डावीकडे बर्फाच्या बाजूला. ते ठेवायला जागा हवी म्हणून भाजी बाहेर आली आणि वाळत बसली. निरीक्षकांनी नवी वही घेतली, रकाने आखले, पहिल्या पानावर लाल शाईनं 'फ्रीज' लिहून खाली दोन रेघा मारल्या. नियम ठरला : पहाटे पाचपासून रात्री पावणेअकरापर्यंत, दर पंधरा मिनिटांनी नोंद.

"आणि रात्री?" बायकोनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला रकाने अपुरे ठेवलेले आवडत नसत.

"रात्रीही घेणार आहे."

"रात्री स्वयंपाकघरात दिवा लागला तर मी माहेरी जाईन," ती शांतपणे म्हणाली. त्यामुळे रात्रीचा रकाना कोरा राहिला. या त्रुटीचं निरीक्षकांना फार वाईट वाटलं.

तापमापक वाचणं म्हणजे घड्याळात डोकावणं नव्हे. डोळा आणि पारा एका पातळीत आले पाहिजेत, श्वास काचेवर जाता कामा नये. वरच्या फळीसाठी टाचा उंच, मधलीसाठी कंबरेत वाकायचं, भाजीच्या कप्प्यासाठी गुडघ्यावर बसायचं, मग डावं दार. चार नोंदींना दीड मिनिट. दारं उघडी, निरीक्षक आत डोकं घालून आकडे पुटपुटतायत आणि पेन कानावर, असं दृश्य दर पंधरा मिनिटांनी दिसू लागलं. आई समोर हॉलमध्ये खुर्चीवर बसायची, तिथून फ्रीज थेट दिसतो. ती पेपर बाजूला करून पाहायची आणि पुन्हा वाचायला लागायची.

बुधवारी आकडे बिघडले. मागच्या भिंतीशी पारा शून्याखाली गेला. गुरुवारी आणखी खाली. फ्रीज दिवसभर घोंघावत होता, थांबायचं नावच घेत नव्हता. निरीक्षकांचे डोळे चमकायला लागले. "वाढतंय!" ते बायकोला शाळेत फोन करून सांगायचे. "दर तासाला वाढतंय!" जणू काही घरात बाळच वाढत होतं.

नळ मात्र ठणठणीत कोरडा होता. बायकोनं शाळेत जाण्याआधी टेबलावर सहा भांडी भरून, वर बशा झाकून ठेवायला सुरुवात केली. आईनं पहिल्या दिवशी ती रांग पाहिली आणि म्हणाली, "आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात तशी मांडामांड कशाला? माझं मी बघते." संध्याकाळी सहापैकी पाच भांडी तशीच होती. निरीक्षक दर नोंदीनंतर विचारायचे, "आई, पाणी देऊ?" आणि ती दर वेळी म्हणायची, "नको रे." हा नकार मात्र ते वहीत लिहीत नव्हते. पुढची नोंद मात्र ते आणखी काळजीनं घ्यायचे.

तक्रार नोंदवण्याचं काम बुधवारीच झालं होतं, म्हणजे झालं नव्हतं. फोनवर आधी एका यंत्रानं वीस मिनिटं बासरी ऐकवली आणि मग एक जिवंत आवाज आला.

"फ्रीज थंड करतो का, सर?"

"फार थंड करतो."

"म्हणजे करतो. मग तक्रार काय आहे, सर?"

"फार थंड करतो, हीच तक्रार."

"सर, माझ्याकडे 'थंड करत नाही' असा पर्याय आहे. तो टाकू का?"

"असत्य आहे ते!" निरीक्षक ओरडले. "उणे दोनची नोंद असताना 'थंड करत नाही' कसं लिहू?"

"सगळे तेच लिहितात, सर. मेकॅनिक उद्याच येईल."

इथं दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. बायकोनं खुणेनं हो म्हणा, हो म्हणा सांगितलंसुद्धा. पण बावीस वर्षांत ज्यानं उन्हाळ्याला उन्हाळाच म्हटलं, त्याची जीभ वळेना. अखेर तक्रार 'इतर' या सदरात गेली आणि इतरांचा वार शनिवार निघाला. प्रामाणिकपणाची शिक्षा दोन दिवस जास्तीचे. बायको त्या संध्याकाळी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली.

तोवर बातमी जिन्यात पसरली होतीच. खालच्या मजल्यावरचे वकील आले. वकिली सोडून त्यांना सात वर्षं झाली होती, पण वकिलीनं त्यांना सोडलं नव्हतं. त्यांनी फ्रीजला बाहेरून एक चक्कर मारली, वही चाळली आणि गंभीर होऊन म्हणाले, "उत्तम. लिखित पुरावा आहे. नोंदी वाढवा. दर दहा मिनिटांनी घेता आल्या तर आणखी चांगलं. कंपनीला पळायला जागा ठेवायची नाही." निरीक्षकांचा ऊर भरून आला. कुणीतरी वही उघडून पाहिली होती!

समोरच्या शिकवणीवाल्या बाईही आल्या. त्यांच्याकडे संध्याकाळी वीस मुलं असत, त्यामुळे त्या कुठंही उभ्या राहिल्या तरी अर्धं लक्ष आपल्या दाराकडे ठेवून बोलायच्या. "मी काय म्हणते, त्याला जरा एकटं सोडा ना," त्या म्हणाल्या. "मुलांचंही असंच असतं. सारखी वही तपासली की चुका वाढतात." वकिलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या 'आलेच' म्हणून निघून गेल्या. पण पाच मिनिटांनी पुन्हा आल्या, कारण पुढचा प्रकार कुणालाही चुकवावासा वाटला नसता.

वकिलांना फ्रीजच्या माहितीपुस्तिकेत एक कलम सापडलं होतं. दारातली नळी गोठली आहे का, हे पाहायचं तर खाली जोड सोडवून नळीत फुंकर मारावी. हवा वर नळातून आली तर नळी मोकळी. निरीक्षकांनी सिंकखालची पाण्याची चावी बंद केली आणि जोड सोडवला. एक टोक दारातून खाली लोंबत होतं, दुसरं भिंतीकडून आलेलं, फरशीवर पडलं होतं. निरीक्षक वर नळाशी तळहात धरून बसले. फुंकायचं कुणी? वकिलांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि फरशीवर पालथे झोपले.

त्यांनी फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले, हवा काही वर येईना.

"अडथळा आहे!" ते नळी तोंडात धरूनच म्हणाले.

मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आला. निरीक्षकांनी दाराला आतून शेक द्यायला सुरुवात केली, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, मधे एक नोंद आलीच ती घेऊन पुन्हा शेक. वकील खाली पालथेच. दर दोन मिनिटांनी एक फुंकर. शिकवणीवाल्या बाई दारात उभ्या राहून "जोर लावा!" म्हणत होत्या, त्यांची चार मुलं मागून डोकावत होती. आणि एकदम निरीक्षकांच्या तळहाताला थंड झुळूक लागली.

"आली! हवा आली!" ते नाचलेच. "हवा आली हो!"

नेमकी याच वेळी बायको शाळेतून आली. सिंकमध्ये हात धुवायला गेली तर पाणी नाही. तिनं खाली वाकून पाहिलं, चावी बंद दिसली, ती तिनं पूर्ण उघडली. भिंतीकडच्या टोकातून जो फवारा सुटला तो सरळ वकिलांच्या कानात. ते उठायला गेले तर तोंडावर, वळले तर मानेवर. मुलांनी टाळ्या पिटल्या. ड्रायर पाण्यात पडला आणि घरातले सगळे दिवे एकदम गेले. वकील चिंब उभे राहिले, चष्मा पुसायला सदऱ्याचा कोरडा कोपरा शोधला, तो सापडला नाही. "मी या घटनेचा साक्षीदारही आहे आणि पीडितही," ते म्हणाले, "त्यामुळे मी सध्या बोलणार नाही." आणि पचपच करत जिना उतरून गेले.

जोड पुन्हा बसवला, गेलेली वीज परत आणली, फरशी पुसली. आणि मग आई भांडं घेऊन आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं भांडं लावलं आणि पाणी आलं! अर्धं भांडं भरलं, धार बारीक झाली, केसाएवढी झाली आणि तुटली. आईनं अजून थोडा वेळ पट्टी दाबून धरली. हात थरथरत होता, भांडं पट्टीवर टकटक वाजत होतं. "असू दे," ती म्हणाली आणि तेवढंच पाणी पिऊन खोलीत गेली.

मन शांत करायला निरीक्षकांनी दार उघडून नोंद घेतली.

शनिवारी सकाळी मेकॅनिक आली. हो, आली. निरीक्षकांनी तीन दिवस मनात एका मिशीवाल्या माणसाशी वाद घालायची तयारी केली होती, तो सगळा वाद फुकट गेला. चाळिशीची बाई, खांद्याला अवजारांची पिशवी, केस घट्ट बांधलेले. वकील नवा सदरा घालून, शिकवणीवाल्या बाई सुट्टीमुळे सकाळीच आलेल्या मुलांना पाढे लिहायला लावून हजर झाले. बायकोला शाळेला सुट्टी होती. आई हॉलमधून खुर्ची थोडी पुढे ओढून बसली.

मेकॅनिकनं मागची बाजू पाहिली, पंखा पाहिला, दाराची रबरं चिमटीत धरून पाहिली. "सगळं ठीक आहे," ती म्हणाली. मग तिची नजर वहीवर पडली. "हे काय? नोंदी? बघू."

बघू! बावीस वर्षांत हा शब्द निरीक्षकांना कुणी म्हटला नव्हता. "मीच वाचतो," ते म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"बुधवार. पहाटे पाच : चार अंश. सव्वापाच : चार. साडेपाच : साडेचार. सहा : पाच. सात : पुढे सात, मागच्या भिंतीशी दोन. नऊ : पुढे आठ, मागे शून्य. दुपारी एक : मागे उणे दोन..." आवाज खणखणीत होता. वकील प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. "रात्री पावणेअकरा : मागे उणे चार. दिवस समाप्त. गुरुवार. पहाटे पाच : चार अंश."

"काय म्हणालात?" मेकॅनिकनं विचारलं.

"चार अंश."

"रात्री उणे चार आणि पहाटे चार? बरोबर. पुढे?"

"सव्वापाच : चार. सहा : पाच. सात : पुढे आठ, मागे एक..." निरीक्षकांचा आवाज थोडा हळू झाला. "नऊ : मागे उणे एक. एक : उणे तीन." त्यांनी पान उलटलं. "शुक्रवार. पहाटे पाच..." ते थांबले.

फ्रीज घोंघावत होता.

रोज पहाटे, सहा तास कुणी दार न उघडल्यावर, फ्रीज पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम चार अंशावर उभा होता. रोज पाच वाजता निरीक्षक वही घेऊन येत होते आणि तिथून तो बिघडायला लागत होता. दोन पानं एकदम उलटून शुक्रवारच्या दुपारवर जाता आलं असतं. बोटाखाली पानं जाडसर लागतही होती. पण निरीक्षकांनी एकच पान धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "शुक्रवार. पहाटे पाच : चार अंश."

"दिवसाला किती नोंदी?" मेकॅनिकनं विचारलं.

"बहात्तर."

"दार किती वेळ उघडं?"

"दीड मिनिट."

"एकशे आठ मिनिटं," बायको म्हणाली. गणितात तिला कागद लागत नसे. "रोज पावणेदोन तासांच्यावर फ्रीज सताड उघडा."

"त्याला वाटतं घरात वणवा लागलाय," मेकॅनिक म्हणाली. "बिचारा जीव तोडून गार करतो. पुढे गरम, मागे बर्फ. दारातली नळी गोठते. सगळ्यात पहिल्या दिवशी काही हलवलं होतं का तुम्ही?"

"एक टोप. हवेच्या फटीसमोरचा."

"तिथंच दुखणं संपलं होतं, साहेब. पुढचे चार दिवस औषधाचं दुखणं."

शिकवणीवाल्या बाई काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. वकिलांनी छताकडे पाहिलं. निरीक्षक वही छातीशी धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा त्या मंगळवारच्या काकडीपेक्षा वेगळा नव्हता.

"पहाटे पाणी येतं," आई खुर्चीवरून म्हणाली.

सगळे वळले.

"रोज येतं. हा उठायच्या आधी मी दोन भांडी पिऊन घेते. दिवसभराचं."

"आई!" निरीक्षक ओरडले. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू विचारत होतास, पाणी देऊ का. नळाला येतं का, असं कधी विचारलंस?" आई म्हणाली. "आणि तू इतका खुशीत होतास, रे. वही घेऊन इतका खूश तुला मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, दोन दिवस काढू."

चार दिवस आपण आईसाठी जिवाचं रान करतोय असं निरीक्षकांना वाटत होतं आणि आई त्यांच्यासाठी तहानलेली राहत होती. त्यांना खूप लाज वाटली. ते चष्मा काढून पुसत बसले.

मेकॅनिकनं पिशवीतून रुंद चिकटपट्टी काढली आणि दोन्ही दारांना आडवी लावली. "चोवीस तास. कुणीही उघडायचं नाही. उद्या या बाजूला काम आहे, येऊन बघते." वकिलांनी पट्टीवर सही करून तारीख टाकली. आता ते सील झालं. चारही तापमापक आतच अडकले होते, पण ते मागण्याचं धाडस निरीक्षकांना झालं नाही.

ते चोवीस तास निरीक्षकांनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. दर पंधरा मिनिटांनी पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे आणि आई खुर्चीवरून नुसतं खाकरायची. दुपारी एकदम घरात शांतता झाली. घोंघावणं थांबलं होतं. "बंद पडला!" म्हणत निरीक्षक धावले. बायकोनं त्यांचा सदरा मागून धरला. "दमलाय. पडू दे त्याला जरा," ती म्हणाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी सगळे पुन्हा जमले. मेकॅनिकनं पट्टी सोडली, पण दार उघडलं नाही. ती आईला म्हणाली, "आजी, तुम्हीच बघा."

आईनं भांडं लावलं. धार आली. जाड, सरळ, न थांबणारी धार, भांडं भरलं तरी चालूच! शिकवणीवाल्या बाई किंचाळल्या, वकिलांनी निरीक्षकांच्या पाठीत थाप मारली, बायकोनं डोळे पुसले आणि कुणी पाहिलं नाही असं दाखवलं. आई मात्र पाणी प्यायलीच नाही. ती भरलेलं भांडं दोन्ही हातांत धरून वळली आणि मेकॅनिकसमोर गेली.

"घ्या. उन्हातून आलात."

भांडं थरथरत होतं, पाणी काठावरून मेकॅनिकच्या बोटांवर सांडलं. तिनं ते घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. मग वकिलांना एक. मग शिकवणीवाल्या बाईंना. मग सुनेला. वर्षभरात या घरात आईनं कुणाच्या हातात काही दिलं नव्हतं, सगळं तिच्याच हातात दिलं जात होतं. आज ती नळापासून माणसापर्यंत आणि माणसापासून नळापर्यंत फेऱ्या मारत होती, फरशीवर थेंबांची वाट उमटली होती आणि ती पुसायला कुणी पुढे झालं नाही. वकिलांनी दुसरं भांडं घेतलं, तिसरं घेतलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मेकॅनिक फॉर्मवर सही घेऊन पळाली.

शेवटी निरीक्षक उरले. आईनं त्यांना एक भांडं दिलं. ते प्याले. दुसरं दिलं, प्याले. तिसऱ्याला पोट तट्ट फुगलं, चौथ्याला पाणी गळ्याशी येऊन थांबलं. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती, तिला हसू आवरत नव्हतं.

"आणखी देऊ?" आईनं विचारलं.

"दे," निरीक्षक म्हणाले आणि भांडं पुढे केलं.